दारावर लिहिलेला पत्ता

सुभद्रा गमरे आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तो सोमवार होता, १० ऑगस्ट २००९. माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका येऊन महिना झाला होता आणि परळच्या एका हॉस्पिटलातल्या नर्सने त्यांचं नाव सुचवलं होतं. "आमच्याकडे आयाबाई होत्या, सत्तावीस वर्षं. आत्ताच रिटायर झाल्या. हात हलका आहे त्यांचा," असं ती म्हणाली. त्या दिवशीच्या डायरीत मी एवढंच लिहिलं आहे की नवी बाई ठेंगणी आहे, मोठ्याने बोलते, आणि आल्या आल्या हात धुवायला जागा कुठे ते तिने विचारलं.

यजमानांची वाचा गेली होती. त्यांच्याशी काय बोलावं ते मला सुचत नसे. सुभद्राबाईंना तो प्रश्न कधी पडलाच नाही. "काय साहेब, आज राग कोणावर? माझ्यावर की बाईंवर? माझ्यावर असेल तर डावा डोळा मिटा." तिसऱ्या दिवशी त्यांनी यजमानांचा भांग मुद्दाम उलट्या बाजूला पाडला आणि आरसा समोर धरला. महिन्याभरात पहिल्यांदा ते हसले. मी स्वयंपाकघरात होते, तो आवाज ऐकून धावत बाहेर आले.

नोव्हेंबरच्या शेवटी त्या म्हणाल्या, "बाई, पाच, सहा आणि सात डिसेंबरला मी नसणार."

आमचं घर शिवाजी पार्कासमोर, तिसऱ्या मजल्यावर. सहा डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, चैत्यभूमीला येणारी लाखो माणसं मैदानात उतरतात. आमच्या इमारतीतली निम्मी घरं त्या दिवसांत बंद असायची. आम्हीही चार तारखेलाच पुण्याला नणंदेकडे जायचो. यंदा मी माझ्या जुन्या डायऱ्या काढून बघितल्या. सहा डिसेंबरच्या पानांवर वर्षानुवर्षं एकच मजकूर आहे: 'पुणे. सातला परत.' ज्या वर्षी गेलो नाही त्या वर्षी, 'गर्दी. खिडक्या बंद.' माणसं कुठून येतात, का येतात, याबद्दल एक ओळ नाही. बाबासाहेब मला ठाऊक होते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी राज्यघटनेवर निबंध लिहायला लावला होता आणि मला पहिलं बक्षीस मिळालं होतं.

त्या वर्षी यजमानांना हलवता येत नव्हतं, म्हणून पुणे नव्हतं. मी सुभद्राबाईंना म्हणाले, "नेमकी त्याच दिवसांत मला तुमची जास्त गरज आहे. तुम्ही मुंबईतच राहता. एक दिवस दर्शन घेऊन या. तीन दिवस कशाला?"

"दर्शन माझं पंधरा मिनिटांत होतं, बाई. घरी पाहुणे असतात."

"किती?"

"गेल्या वर्षी सतरा झोपले होते."

त्यांची खोली वरळीच्या बीडीडी चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, सत्तेचाळीस नंबर. दहा बाय सोळा. मला वाटलं थट्टा करताहेत.

पुढे चार वर्षांत ही हकीकत मला तुकड्यातुकड्याने कळली. ही रीत त्यांच्या सासऱ्यांनी घातलेली. सासरे गिरणीत होते, त्यांनी बाबासाहेबांची भाषणं मैदानात बसून ऐकली होती. पहिल्याच वर्षी, १९५७ साली, दर्शनाला आलेलं एक कुटुंब फुटपाथवर बसलेलं पाहून त्यांनी ते घरी आणलं आणि तेव्हापासून पाच तारखेच्या सकाळी खोलीचं दार उघडायचं ते सात तारखेच्या दुपारी बंद करायचं. दारात पाण्याचं पिंप, त्यावर तांब्या. येईल त्याने प्यावं, जागा असेल तिथे पाठ टेकावी. चाळीत अशी दारं पुष्कळ उघडी असत.

"सासरे सांगायचे," सुभद्राबाई म्हणाल्या होत्या, "आपल्या आजोबांना दुसऱ्याच्या दारात पाणी मागायची चोरी होती. वरून ओंजळीत ओततील तेव्हा प्यायचं. ते बाबासाहेबांनी बंद केलं. मग त्यांच्या दिवशी आपल्या दारावरून कोणी तहानलेला गेला, तर आपण त्यांचं काय ऐकलं? हार घालायला काय, कोणीही घालतो."

१९८२ च्या गिरणी संपात त्यांचे यजमान, गुणाजी गमरे, घरी बसले. त्या डिसेंबरात घरात फक्त तांदूळ होता. सुभद्राबाईंनी मोठ्या टोपात पेज केली. पाहुण्यांनी आपल्या शिदोरीतली चटणी काढली आणि सगळ्यांनी पेज-चटणी खाल्ली. दार उघडंच होतं. त्यानंतरच्या महिन्यात त्या हॉस्पिटलात आयाच्या कामाला लागल्या.

आणि या पाहुण्यांमध्ये एक मालन होती.

मालन इंगोले, वाशिम जिल्ह्यातल्या सावळीची. १९७८ च्या डिसेंबरात ती नवऱ्याबरोबर, गणपतबरोबर, पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या खांद्यावर चार महिन्यांचा मुलगा होता, तापाने फणफणलेला. प्रवासात तिचं दूध आटलं होतं. सुभद्राबाईंचा विनीत तेव्हा पाच महिन्यांचा. "मी एका बाजूला माझा घेतला, दुसऱ्या बाजूला तिचा," सुभद्राबाई सांगायच्या. "ती बघत बसली होती. मी म्हटलं, बघतेस काय, ये, माझे पाय चेप. तर खरंच चेपायला बसली, येडी." त्या मुलाचं नाव धर्मा. तो वाचला.

तेव्हापासून मालन दरवर्षी यायची. १९७८ ते २०१९, बेचाळीस डिसेंबर, एकही चुकला नाही. येताना तूरडाळ आणि ज्वारीचं पीठ आणायची, जाताना इथून सुका जवळा न्यायची. हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन दोघी एकसारख्या पांढऱ्या साड्या घ्यायच्या. पत्र नाही, लग्नाकार्याला जाणं नाही. मालनला लिहिता येत नव्हतं आणि सुभद्राबाईंना रजा नव्हती. वर्षातले दोन दिवस आणि मधली एक रात्र, एवढीच त्यांची मैत्री. मी एकदा विचारलं, "वर्षभर आठवण येत नाही?"

"येते की. साठवून ठेवायची. आली की सगळं बोलून टाकायचं. ती झोपून जाते, मी बोलतच असते."

मालनला मी एकदा पाहिलं आहे. त्याच २००९ सालच्या सहा डिसेंबरला, रविवारी. मी रजेला नाही म्हटलं होतं. सुभद्राबाई भांडल्या नाहीत. सकाळी सात वाजता घरातले पाहुणे तसेच ठेवून त्या आल्या, यजमानांना स्पंज केलं, कपडे बदलले, भरवलं. एवढी गर्दी तुडवत एकटीने जायचं म्हणून मालन सोबत आली होती. उंच, सावळी, कपाळावर गोंदण. मी तिला आत बोलावलं नाही. दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये स्टूल ठेवलं. तिने पाणी मागितलं तेव्हा मी फ्रिजमधली प्लास्टिकची बाटली तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडेच." सुभद्राबाई यजमानांच्या खोलीतून हे पाहत होत्या. डायरीत मी लिहिलं, 'सुभद्राबाई तासभर आल्या. सोबत गावाकडची बाई.' बाटलीबद्दल लिहिलेलं नाही. आता लिहिते आहे.

पुढच्या वर्षापासून मी त्यांना तीन दिवस सुट्टी दिली. यजमान २०१३ साली गेले. त्यानंतरही सुभद्राबाई दर गुरुवारी दुपारी यायच्या. काम नसायचं. चहा पिऊन, माझ्या गुडघ्यांना तेल लावून जायच्या. मी नको म्हटलं की म्हणायच्या, "हाताला सवय आहे हो, कुठेतरी लावलंच पाहिजे."

२०२० आणि २०२१ ला साथ होती. घरूनच अभिवादन करा असं सांगितलं गेलं, मालन येऊ शकली नाही. गणपतराव आधीच वारले होते आणि त्यांच्याकडचा मोबाइल नंबर बंद पडला होता. दुसरा नंबर कधी घेतलाच गेला नाही. घेण्याची गरज दोघींनाही वाटली नव्हती. वरळी, बीडीडी, सत्तेचाळीस नंबर. एवढा पत्ता बेचाळीस वर्षं पुरला होता.

२०२२ च्या उन्हाळ्यात त्यांची चाळ रिकामी करायला सांगितलं. पाडून तिथे टॉवर होणार होते. सुभद्राबाई मुलासोबत, विनीतसोबत, तात्पुरत्या घरात राहायला गेल्या. गुणाजीराव तोवर हयात नव्हते. निघताना सुभद्राबाईंनी एक गोष्ट केली. त्यांच्या खोलीचं जुनं सागवानी दार होतं, पांढरा ऑइलपेंट आणून त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत नवा पत्ता लिहिला. इमारतीचं नाव, मजला, खोली. खाली लिहिलं, 'मालन, इथे ये.' मला येऊन अभिमानाने सांगितलं.

मी म्हटलं, "सुभद्राबाई, पण मालनबाईंना वाचता येत नाही ना?"

"तिला नाही येत. पण कोणालातरी विचारेल ना. ती दारापर्यंत तर येणारच."

"आणि दार पाडलं तर?"

"डिसेंबर झाल्याशिवाय नाही पाडणार. असं कसं पाडतील? लोक येणार ना." हे कोणी सांगितलं, असं मी विचारलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या ते धरूनच चालल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या मजल्यावरच्या आणखी दोन-तीन घरांनीही दारावर असेच पत्ते लिहिले होते.

नोव्हेंबरात सुभद्राबाई बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. सहा डिसेंबर २०२२, मंगळवार, त्या वॉर्डात पडून होत्या. मी भेटायला गेले तर शांत होत्या. म्हणाल्या, "मालन आज घरी असेल. विनीतच्या बायकोला सांगून ठेवलंय, मेघनाला. तूरडाळ आणली असेल तर आजच शिजवू नको म्हटलं, मी घरी आल्यावर शिजव."

विनीत खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याचा चेहरा पाहून मला काहीतरी कळलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काकू, चाळ पाडली. वीस-बावीस दिवस झाले. आईला काय सांगू? मला ते दाराचं लक्षातच आलं नाही. पाच तारखेला रात्री आठवलं, सकाळी धावत गेलो. सगळीकडे पत्रे लावलेत. माणसं एवढी, कुठे शोधणार? मावशीचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे."

सुभद्राबाईंना हे जानेवारीत कळलं. त्या विनीतवर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पत्र्याला चिकटवायचा होतास रे एक कागद."

२०२३ च्या आणि २०२४ च्या पाच-सहा डिसेंबरला त्या वॉकर घेऊन त्या पत्र्यांसमोर उभ्या राहिल्या. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. मेघना डबा न्यायची. दोन्ही वर्षं मालन आली नाही. मी म्हटलं, आपण चौकशी करू, तालुक्याला फोन करू, ग्रामपंचायत असते. त्या म्हणाल्या, "नको, बाई. फोन केला आणि गेली असं कोणी सांगितलं तर? आता निदान वाट तरी बघता येते."

नवं घर २०२५ च्या ऑगस्टमध्ये मिळालं. अठराव्या मजल्यावर, दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, आणि घरातल्या घरात दोन संडास. मला दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी खिडकीतला समुद्र दाखवायच्या आधी संडास दाखवला. "मालनचे गुडघे गेलेत. चाळीत तिला पहाटे चार वाजता उठून पॅसेजच्या टोकाला रांगेत उभं राहायला लागायचं. आता बघा, खाटेवरून उठली की चार पावलं." मागच्या खोलीत खाट होती, चादर नवी. त्या खाटेवर कोणी झोपत नव्हतं. नात श्रेया हॉलमध्ये झोपायची आणि त्यावरून धुसफूस करायची. "आजी, ती तुझी मैत्रीण एक दिवस येणार, मी तीनशे चौसष्ट दिवस सोफ्यावर!" "दोन दिवस येते ती. हिशेब नीट कर."

सोसायटीची मीटिंग झाली. माणसं चाळीतलीच, पण लिफ्ट, रखवालदार, पार्किंग असं सगळं नवं. ठरलं की सहा डिसेंबरच्या पाहुण्यांची सोय खालच्या हॉलमध्ये करायची. जेवण, पाणी, सतरंज्या, सगळं वर्गणीतून. घरोघरी नको. चांगलीच सोय होती. सुभद्राबाई मीटिंगमध्ये उठून म्हणाल्या, "हॉलमध्ये लग्नं होतात. पाहुणे घरात येतात." कोणी हसलं, कोणी टाळी वाजवली, ठराव हॉलचाच झाला.

त्या गुरुवारी त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, मला आता कळायला पाहिजे. घर झालं. आता नुसती वाट बघणं बरं नाही. तुम्ही येता माझ्याबरोबर?"

"कुठे?"

"खाली. मैदानात."

ज्या मैदानासमोर मी पंचावन्न वर्षं राहिले, तिथे सहा डिसेंबरला मी पहिल्यांदा उतरले ती ही अशी, एक्याऐंशीव्या वर्षी. शनिवार होता. सुभद्राबाईंचा वॉकर आणि माझी काठी. माणसं आपोआप बाजूला होत होती. "आजी, सावकाश." "अरे, जागा द्या माऊल्यांना." कोणीतरी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. मी तो प्यायले.

मंडपाच्या कडेला हरवलेल्या माणसांची घोषणा करणारं टेबल होतं. माइकवर प्रिती नावाची मुलगी बसली होती, कॉलेजातली असावी, घसा बसलेला. समोर चार-पाच मुलं रडत होती, एक म्हातारे गृहस्थ चप्पल शोधत होते.

"बोला आजी, कोण हरवलंय?"

"मालन इंगोले. गाव सावळी, जिल्हा वाशिम."

प्रिती लिहून घेत होती. "वय?"

"माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. शहात्तर."

"कपडे?"

"पांढरी साडी."

"आजी, इथे सगळ्या पांढऱ्याच साडीत आहेत. बरं, किती वाजता हरवल्या?"

"दोन हजार एकोणीस साली."

प्रितीचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. शेजारचा कार्यकर्ता म्हणाला, "आजी, हे आजच्या हरवलेल्यांसाठी आहे हो." प्रिती त्याला म्हणाली, "तू गप रे." आणि माइक ओढून घेतला. "लक्ष द्या. वाशिम जिल्हा, सावळी गावच्या मालन इंगोले, किंवा त्यांना ओळखणारं कोणीही, असाल तिथून घोषणा कक्षाजवळ या. वरळीच्या सुभद्राबाई तुमची वाट बघत आहेत." दर वीस मिनिटांनी ती ते म्हणत राहिली. आम्हाला तिने दोन खुर्च्या दिल्या.

सावळी नावाची गावं किती आहेत ते मला त्या दिवशी कळलं. अमरावतीच्या सावळीचे लोक आले, नांदेडच्या सावळीचे आले. दुपारी दीडच्या सुमारास एक चष्मेवाले गृहस्थ आले. हेमचंद्र इंगळे, वाशिमकडच्या जिल्हा परिषद शाळेत मास्तर. म्हणाले, "मालनबाई म्हणजे गणपत इंगोल्यांच्या? धर्माची आई?"

सुभद्राबाईंनी माझा हात धरला. "आहे?"

"आहेत ना. जूनमध्ये दिसल्या होत्या मला. ओट्यावर बसलेल्या."

हातावरची पकड सैल झाली. "बघा," त्या मला म्हणाल्या. "बघा, बाई. आणि मी घाबरत होते." त्या हसत होत्या. मास्तरांना त्यांनी पिशवीतला लाडू काढून दिला. मास्तरांनी दोन-तीन फोन करून धर्माचा नंबर मिळवला आणि लावून दिला. आवाज स्पीकरवर टाकला, कारण मैदानात काही ऐकू येत नव्हतं. प्रितीनेही माइक बंद केला.

"धर्मा? अरे मी सुभद्रामावशी. मुंबईहून."

त्यांनी फोन तोंडाजवळ धरला.

"धर्मा, ऐकू येतं का रे?"

"मावशी?" तो म्हणाला. "मावशी, तुमी हायेत?"

"असणार नाही तर कुठे जाणार?"

"आईनं सांगतलं तुमी गेल्या. तीन वर्सं झाले." तो भराभर सांगू लागला. "आई आली होती ना तिकडे. एकटीच. मी कापसात होतो. चाळ नाही, घर नाही, दिवसभर पत्र्यापाशी बसून राहिली अन् घरी आली. मावशी, तिले आता मानसं वळखू येत नाहीत. मले कधी कधी बाबा समजते. तुमी बोला, पन..."

"दे तिला," सुभद्राबाई म्हणाल्या.

फोन हलला. मग एक जाड, सावकाश आवाज आला. "कोन बोलते?"

"मालन, मी सुभद्रा."

"कोन सुभद्रा?"

"वरळीची. सत्तेचाळीस नंबरची."

"नाई बाई," मालन म्हणाली. समजूत घालावी तसं म्हणाली. "सुभद्रा मेली. माही सुभद्रा मेली. तुमाले नाई माहीत?"

सुभद्राबाईंनी विचारलं, "कशावरून?"

"मी गेल्ती ना. चाळच नवती. ती जित्ती असती त मले घ्याले उभी असती. एका पायावर उभी असती. दिवस बुडेलोक बसली मी, नाई आली. मंग मले समजलं."

"मग काय केलंस?"

"काय कराव? घरी आली. विहारात बसली. भंतेजी बोलावले. तिच्या नावानं गावाले जेवन देल्लं."

मी फोन घ्यायला हात पुढे केला. सुभद्राबाईंनी तो बाजूला सारला.

"काय केलं होतं जेवायला?"

"भाकर, वांग्याची भाजी, वरनभात. गोडाले बुंदी." मालनच्या आवाजात आता हुरूप आला होता. "वांग्याची भाजी तिले लय आवडे, माह्या हातची. दोनदा-दोनदा घे."

"माणसं आली होती?"

"लय. दीडशे मानूस. मी सगळ्याइले सांगतलं, माह्या धर्म्याले तिनं पाजलं हाय. अशी बाई नाई. मुंबईत एवढं मोठं घर होतं तिचं, सारे मावत." मग तिने विचारलं, "तुमी कोन म्हनल्या?"

प्रिती तोंडावर ओढणी धरून उभी होती. मास्तर दुसरीकडे बघत होते. सुभद्राबाई फोनकडे पाहत होत्या, जणू त्यात तिचा चेहरा दिसत होता.

"मी तिच्या शेजारची," त्या म्हणाल्या. "चाळीतलीच."

"मंग तुमाले माहीतच असन."

"हो. माहीत आहे."

"जेवल्या का तुमी?"

"जेवले."

"बरं," मालन म्हणाली. मग फोन बहुधा खाली ठेवला गेला, आणि कोंबड्यांचा आवाज येत राहिला, मग धर्माचा. मावशी, रागावू नका. मावशी, तुमी या इकडे, मी गाडी करून नेतो, तुमाले पाह्यलं की आई वळखन. सुभद्राबाई हो, हो म्हणाल्या, त्याच्या मुलांची चौकशी केली, आईला दूध देत जा म्हणाल्या, आणि फोन मास्तरांना परत केला.

आम्ही मैदानाच्या कट्ट्यावर येऊन बसलो. त्या म्हणाल्या, "वांग्यानं मला अंगभर खाज सुटते, बाई. पहिल्यापासून. ती एवढ्या लांबून करून आणायची, नाही कसं म्हणणार? मी खायचे आणि मग आठ दिवस खाजवत बसायचे. बेचाळीस वर्षं तिला पत्ता लागू दिला नाही."

मी म्हटलं, "आपण परत लावू फोन. मी समजावून सांगते. किंवा जाऊ आपण गावाला. तुम्हाला समोर बघून ओळखतील त्या."

"नको."

"अहो, जिवंत माणसाला असं..."

"तिनं माझं सगळं नीट केलंय," सुभद्राबाई म्हणाल्या. "रडून झालं, जेवण घालून झालं. आता मी समोर जाऊन उभी राहिले तर काय होईल? आज ओळखेल, उद्या विसरेल, परवा पुन्हा मी मेलेली. तिनं किती वेळा रडायचं?" मग पदराने नाक पुसलं. "चूक तिची नाही. बरोबर बोलली ती. मी जिवंत असते तर उभी असते. मी उभी नव्हते."

"तुम्ही हॉस्पिटलात होता."

"होते. पण उभी नव्हते."



त्यांच्या पिशवीत फोन वाजला. विनीत होता. त्याचा आवाज मलाही ऐकू आला. "आई, काही कळलं का मावशीचं?"

"कळलं," त्या म्हणाल्या. "बरी आहे. तब्येत छान आहे. धर्मा नीट बघतो तिला."

"मग येणार आहे का? कधी?"

"नाही रे. आता नाही यायची ती," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद केला.

माणसं समुद्राकडे चालली होती, समुद्राकडून येत होती. आमच्या इमारतीच्या खिडक्या समोर दिसत होत्या, बऱ्याचशा बंद. सुभद्राबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही वर जा. ऊन लागतंय तुम्हाला." मी गेले नाही. "तुम्ही चला माझ्याबरोबर, घटकाभर पडा," म्हटलं. त्याही उठल्या नाहीत. नजर रस्त्याकडेच होती. पांढऱ्या साडीतली एखादी उंच बाई दिसली की त्यांची मान अजूनही वर होत होती.